तालुक्याच्या गावी राहून कॅमेऱ्याची कंपनी निवडताना

कॅनन घ्यावा, निकॉन घ्यावा की सोनी, असे विचारणाऱ्या नवख्या छायाचित्रकाराला मी आधी एकच उलट प्रश्न विचारतो: लग्नाच्या आदल्या रात्री लेन्स बंद पडली, तर तुम्हाला उसनी कोण देईल? पुण्या-मुंबईत तासाभरात भाड्याने लेन्स मिळते. धारणी किंवा अहेरीत राहणाऱ्याचा मात्र नागपूर-अमरावतीला जाऊन येण्यातच दिवस मोडतो. म्हणून माहितीपत्रके चाळण्याआधी आसपासच्या चार-पाच स्टुडिओंत कोणत्या कंपनीचे सामान आहे, ते वहीत लिहून काढावे. लग्नसराईत एका गावच्या हळदीला आणि दुसऱ्या गावच्या वरातीला एकाच वेळी पोहोचायचे असते तेव्हा बॅटऱ्या, फ्लॅश आणि लेन्सा याच मंडळींमध्ये हातोहात फिरतात, आणि कंपनी वेगळी असली की त्यातले फारसे काही आपल्या उपयोगी पडत नाही.

दुसरी गोष्ट माउंटची, म्हणजे कॅमेऱ्याच्या बॉडीवर लेन्स जिथे बसते त्या जोडणीची. बॉडी चार-पाच वर्षांत बदलली जाते, पण जपून वापरलेली लेन्स त्याहून कितीतरी अधिक टिकते. त्यामुळे आपली सोयरीक बॉडीशी नसून माउंटशी जुळते. निकॉनचा एफ माउंट 1959 पासूनचा आणि कॅननचा ईएफ 1987 पासूनचा. या दोन्हींच्या जुन्या लेन्सा सेकंडहँड बाजारात भरपूर सापडतात. दोन्ही कंपन्यांनी 2018 मध्ये मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी, अनुक्रमे झेड आणि आरएफ हे नवे माउंट आणले. कॅननच्या ईएफ लेन्सा आरएफ बॉडीवर कंपनीच्या अडॅप्टरने, म्हणजे जुनी लेन्स नव्या माउंटवर बसवणाऱ्या कड्याने, ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या जुन्या डी प्रकारच्या लेन्सांना मात्र ऑटोफोकससाठी बॉडीतील मोटर लागते आणि ती झेड बॉडीत किंवा एफ लेन्स तिच्यावर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये नसल्यामुळे त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो. स्वस्तात मिळते म्हणून 50 मिमीची डी लेन्स घेणाऱ्याने हे आधी तपासावे. सोनीचा ई माउंट 2010 चा असून त्यासाठी सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या तुलनेने स्वस्त लेन्सांची निवड मोठी आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला, विशेषतः ज्याच्या घरी एकही जुनी लेन्स नाही त्याला, हा मुद्दा मोलाचा ठरतो. फुजीफिल्मचे रंग मला फार आवडतात, परंतु आसपास दुसरा फुजीवाला नसेल, तर त्या आवडीला थोडी मुरड घालावी असे माझे मत आहे.

ताडोबा, पेंच किंवा मेळघाटात वाघ टिपायचा असेल, तर आधी लांब पल्ल्याची लेन्स ठरवून मगच तिच्या कंपनीची बॉडी घ्यावी. सोनीची 200-600 मिमी आणि निकॉन झेडची 180-600 मिमी या दोन्ही लेन्सांचे शेवटच्या टोकाला, म्हणजे 600 वर, प्रकाश आत घेणारे छिद्र जास्तीत जास्त एफ 6.3 असते; हा एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. कॅननची आरएफ 200-800 अधिक दूर पोहोचते, पण 800 वर ती एफ 9 होते, म्हणजे 6.3 च्या मानाने जेमतेम निम्मा प्रकाश आत घेते. पहाटेच्या फेरीत बांबूच्या सावलीत बसलेल्या जनावरासाठी हा फरक लहान नाही.

उन्हाचाही विचार करावा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापरासाठी कमाल तापमान 40 अंश दिलेले असते, तर मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो. मांडवात सलग चित्रीकरण करणाऱ्याने ज्या मॉडेलवर नजर आहे, ते किती वेळ न तापता चालते, हे उन्हाळ्यात ते वापरलेल्या माणसालाच विचारावे.

दुकानात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड सोबत न्यावे, दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी एकाच माणसाचा चेहरा एकाच जागी टिपावा आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहावेत. तिथेच दहा मिनिटे कॅमेरा हातात धरून मुठीची पकड आणि बटणांची जागा अजमावावी. झूमची कडीसुद्धा निकॉनची एका दिशेला तर कॅननची उलट दिशेला फिरते, आणि वर्षानुवर्षांची सवय मोडताना वरमालेचा क्षण निसटू शकतो. पसंती झाली की भारतातील वॉरंटी आहे याची खात्री करावी, बॉडीवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत.