गाडी उंच केल्यावर शाफ्ट बदलावाच लागतो का?

सस्पेन्शन 50 मिलिमीटरने उंच केले की प्रॉपेलर शाफ्टही (इंजिनाचा जोर ॲक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडाही) बदलावा लागेल, असे गॅरेजमध्ये सांगितले जाते आणि गाडीमालक तो खर्च निमूटपणे करतो. माझे मत असे की मोजमाप केल्याशिवाय हा निर्णय घेऊच नये. उंची वाढल्याने शाफ्टची ताकद कमी होत नाही, फक्त त्याचा कोन आणि लांबी बदलते. या दोन्ही गोष्टी घरच्या अंगणात, एका दुपारी मोजता येतात.

आपल्या गाडीतील नेमक्या कोणत्या शाफ्टवर परिणाम होणार आहे, हे आधी ठरवावे. मारुती जिप्सी किंवा जिम्नी या गाड्यांचे पुढचे व मागचे दोन्ही ॲक्सल अखंड आहेत, म्हणजे डावे-उजवे चाक एकाच कडक आसाला जोडलेले आहे. चॅसीबरोबर (गाडीच्या सांगाड्याबरोबर) ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटून देणारी गिअरपेटी, वर जाते, ॲक्सल मात्र चाकांबरोबर खालीच राहतो, म्हणून या दोघांना जोडणारे प्रॉपेलर शाफ्ट अधिक तिरपे होतात. ॲक्सलच्या आतल्या शाफ्टना काहीच फरक पडत नाही. 2020 नंतरच्या थारमध्ये मागचा ॲक्सल अखंड असला तरी पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि पुढचे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) चॅसीलाच बसवलेले आहे. त्यामुळे तिथे पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जसाच्या तसा राहतो, पण डिफरन्शियलपासून चाकांपर्यंत जाणारे दोन आखूड शाफ्ट खाली वाकतात. केवळ बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये ठोकळे घालून बॉडी उचलली असेल, तर यांपैकी कोणत्याही शाफ्टचा कोन बदलत नाही.

अखंड ॲक्सलच्या गाडीत शाफ्ट जितका आखूड, तितका कोन जास्त वाढतो. समजा शाफ्टच्या दोन टोकांमधील आडवे अंतर 900 मिलिमीटर असून मागचे टोक पुढच्यापेक्षा 100 मिलिमीटर खाली आहे. तेव्हा उतार सुमारे 6.3 अंश असतो, आणि गाडी 50 मिलिमीटर उचलल्यावर तो 9.5 अंशांच्या आसपास जातो. हेच अंतर 500 मिलिमीटर असेल, तर उतार 11.3 वरून 16.7 अंशांवर पोहोचतो. लांबीतील फरक मात्र लहान असतो: पहिल्या शाफ्टला सुमारे 7 आणि दुसऱ्याला 12 मिलिमीटर. म्हणून लांबीपेक्षा कोनाचीच काळजी अधिक करावी लागते.

साध्या क्रॉस जॉइंटमधून (शाफ्टच्या टोकाच्या, अधिकच्या आकाराच्या तुकड्यावर वाकणाऱ्या सांध्यातून) फिरणारा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा थोडा वेगवान आणि दोनदा थोडा मंद होतो. कोन 10 अंश असता हा चढउतार साधारण दीड टक्का असतो, तर 20 अंशांवर तो सहा टक्क्यांच्या वर जातो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तेवढ्याच कोनात असेल आणि दोन्ही जॉइंटचे कान (क्रॉसला धरणारे फाटे) एका रेषेत असतील, तर एकाने निर्माण केलेला चढउतार दुसरा नाहीसा करतो. वेगाचाही संबंध आहे. सुमारे 29 इंची टायर आणि ॲक्सलचे गुणोत्तर 4 धरल्यास ताशी 80 किलोमीटर वेगाला शाफ्ट मिनिटाला अंदाजे 2300 फेरे घेतो, आणि एवढ्या वेगात क्रॉस दीर्घकाळ टिकण्यासाठी कोन 7 ते 7.5 अंशांच्या आत असावा. गोव्यात नेत्रावळीच्या बाजूला चिखलात लो गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला याहून मोठा कोन चालतो. पण तीच गाडी दुसऱ्या दिवशी पणजीला हमरस्त्याने जाणार असेल, तर मोजमाप हमरस्त्याच्या हिशेबाने करावे.

मोजण्यासाठी गाडी सपाट जागी, नेहमीच्या वजनासह उभी करून चाकांना दगड लावावेत आणि लोहचुंबकाचा कोनमापक किंवा मोबाइलमधील कोन दाखवणारे ॲप घ्यावे. ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा (शाफ्ट जिथे बोल्टने बसतो त्या चकतीचा), शाफ्टच्या नळीचा आणि ॲक्सलवरील पिनियन (ॲक्सलमध्ये जोर नेणारा छोटा गिअर) फ्लँजचा असे तीन कोन लिहून घ्यावेत. पहिल्या दोहोंतील फरक हा पुढच्या जॉइंटचा खरा कोन आणि शेवटच्या दोहोंतील फरक हा मागच्या जॉइंटचा. या दोन फरकांमध्ये एक अंशाहून जास्त तफावत नसावी. शक्य असल्यास हे सर्व उंची वाढवण्यापूर्वीही मोजून ठेवावे, कारण कंपनीने दिलेला मूळ कोन माहीत असल्याशिवाय किती बिघडले हे कळत नाही.

त्यानंतर चॅसीला जॅक लावून, भक्कम घोड्यांवर टेकवून ॲक्सल पूर्ण लोंबकळू द्यावा. या स्थितीत शाफ्ट हाताने हळूहळू पूर्ण फिरवून जॉइंटचे कान एकमेकांना टेकत नाहीत ना, हे पाहावे. शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या दातेरी सरकत्या जॉइंटवर रंगाची खूण करून दाते किती बाहेर आले तेही मोजावे. आत उरलेली पकड दातेरी भागाच्या व्यासापेक्षा कमी नसावी. अनेकदा दोष उंचीचा नसून जास्त लांब शॉकअब्सॉर्बरचा असतो, कारण चाक किती खाली लोंबकळेल हे तोच ठरवतो.

मोजमाप बिघडलेले आढळले, तरी नवा शाफ्ट हा पहिला उपाय नव्हे. ट्रान्सफर केसचा आधार काही मिलिमीटर खाली घेतल्यास कोन कमी होतो, मात्र पोटाखालची तेवढी जागा गमवावी लागते. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचर घालून पिनियनचे तोंड वर करण्याचा सल्ला दिला जातो. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला तो घातक ठरतो, कारण दोन्ही टोकांचे कोन असमान होतात. हा उपाय ट्रान्सफर केसच्या टोकाला जोडक्रॉस (लागून बसवलेले दोन क्रॉस) असलेला शाफ्ट बसवतानाच करावा, आणि तेव्हाही पिनियन शाफ्टच्या रेषेपेक्षा एखादा अंश खाली ठेवावा, कारण जोर लागताच पाटे मुरडून त्याचे तोंड वर उठते. पुढच्या ॲक्सलला पाचर घातल्यास स्टिअरिंगची भूमिती बिघडते, हे वेगळे सांगायला हवे. दात्यांची पकडच अपुरी असेल, तर मात्र शाफ्ट लांब करून घेण्याला पर्याय नाही. तो लेथवर बनवल्यावर बॅलन्स केल्याशिवाय बसवू देऊ नये.

माझी जिप्सी 75 मिलिमीटरने उंच केल्यावर साखळी ते वाळपई रस्त्यावर ताशी 60 च्या पुढे थरथरू लागली. शाफ्ट कमजोर आहे असे मिस्त्रीने सांगितले, म्हणून जाड नळीचा शाफ्ट बनवून घेतला. थरथर तशीच राहिली. सरकता जॉइंट जोडताना दाते चुकीच्या घरात बसले होते आणि दोन्ही टोकांचे कान एका रेषेत नव्हते, हे पुढे एका जुन्या फिटरने दाखवून दिले. ते सरळ केल्यावर बहुतेक थरथर गेली आणि ट्रान्सफर केस 20 मिलिमीटर खाली घेतल्यावर उरलेलीही गेली. म्हणून शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही भागांवर एकाच ओळीत खूण करून ठेवावी, असे मी कळकळीने सांगतो.

थारच्या पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या आखूड शाफ्टची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे सीव्ही जॉइंट वाकल्यावरही समान वेगाने फिरतात, त्यामुळे थरथर न होताच झीज सुरू होते आणि आधी जॉइंट झाकणारा रबरी बूट फाटतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाक लोंबकळत ठेवून बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात का ते पाहावे. साधारण 50 मिलिमीटरपर्यंतची वाढ बहुधा निभावते. त्याहून जास्त हवी असल्यास डिफरन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट लावावे. जाड शाफ्ट बसवल्याने कोन एका अंशानेही कमी होत नाही.

जाड शाफ्ट लागतो तो मोठे टायर, डिफरन्शियल लॉक आणि पकड असलेल्या दगडावर पूर्ण जोर देण्याची सवय यांमुळे. 2014 पासून गोव्याच्या पावसात होत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या स्पर्धेत उतरायचे असेल, तर तो खर्च योग्य आहे. कुळ्याकडच्या रानवाटेवर व्हाळ (ओढा) ओलांडणाऱ्या रोजच्या गाडीला त्यापेक्षा ग्रीसची गरज अधिक असते. पाण्यातून आल्यावर, निपल असलेल्या प्रत्येक क्रॉसच्या चारही कपांतून जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तिकेतील तपशील मूळ रचनेपेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, याचाही विचार उंची ठरवतानाच करावा.

काम झाल्यावर अर्धा तास हमरस्त्यावर गाडी चालवून थांबावे आणि दोन्ही टोकांचे क्रॉस किती तापले आहेत, हे हात जवळ नेऊन, मग सावधपणे स्पर्श करून पाहावे. एक टोक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर त्या टोकाचा कोन पुन्हा मोजावा.