मंडळीत पुढारी आहात? मग बायबल स्वतःसाठी कसं वाचायचं ते बघू

पास्टर असो, वडील मंडळातलं कुणी असो, संडे स्कूलची टीचर असो नाहीतर युथ ग्रुप चालवणारा असो, यांच्या हातात बायबल सारखंच असतं आणि तरी स्वतःसाठी ते उघडायचं राहून जातं. रविवारचा संदेश, मधल्या वारची प्रार्थनासभा, कुणाच्या घरी भेटीला जायचंय तिथे एखादं वचन, सगळीकडे बायबल लागतंच, त्यामुळे आपल्याला वाटतं वाचन तर चालूच आहे की. पण ती सगळी दुसऱ्यांसाठीची तयारी झाली. तयारी करताना डोक्यात समोर बसणारे लोक असतात, आपण स्वतः नसतो.

2 राजे 22 वाचून बघा. योशीया 8 वर्षांचा असताना राजा झाला, आणि त्याच्या कारकिर्दीच्या 18व्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. सापडला कुठे, तर मंदिरातच! पैसे जमा होत होते, सुतार गवंडी कामाला लागले होते, याजक आपापल्या जागी होते आणि ग्रंथाचा मात्र पत्ता नव्हता. तो वाचून दाखवल्यावर राजाने आपले कपडे फाडले. खरं तर राजासाठी नियम आधीच होता, अनुवाद नावाच्या पुस्तकात 17:18-20 मधे, की गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यायची, जवळ ठेवायची आणि आयुष्यभर वाचत रहायची. त्याची जी कारणं दिलीत त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणजे राजाने आपल्या भाऊबंदांपेक्षा स्वतःला मोठं समजू नये. ज्याच्या हातात माईक आहे त्याला हा धोका जास्तच असतो, कारण त्याला मधेच थांबवून "पास्टर, हे तुम्हालाही लागू आहे" असं म्हणणारं सहसा कुणी नसतं.

बरं, आता करायचं कसं.

सगळ्यात आधी दोन वाचनं वेगळी करा. संदेश रोमकरांस पत्रातून चालू असेल तर स्वतःचं वाचन तिथे ठेवू नका, दुसरं पुस्तक घ्या, वहीसुद्धा वेगळी ठेवा. जमलं तर मोबाईलऐवजी छापील बायबल घ्या, कारण मोबाईल उघडला की ग्रुपवरचे मेसेज दिसतात आणि मग आपण कधी उत्तरं द्यायला लागलो ते कळत पण नाही.

वेळ. पहाटेच उठलं पाहिजे असं काही नाही, पण रोजची एकच वेळ असावी, २०-३० मिनिटं पुरतात, आणि घरच्यांना ती माहीत असावी. वेळच मिळत नाही म्हणणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये 6 वाचावं. विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली, तक्रार खरी होती, काम गरजेचं होतं, तरी प्रेषितांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं नाही, सात माणसं निवडायला लावली आणि आपण प्रार्थना आणि वचनाच्या सेवेतच राहिले. तेव्हा तुमच्या आठवड्याची यादी काढा आणि त्यातलं एक काम या महिन्यात दुसऱ्याला देऊन टाका. खुर्च्या लावणं, हिशोब, साउंड सिस्टीम, काहीही. दिल्यावर परत मागून घेऊ नका, हे जास्त अवघड आहे :)

मग एक पुस्तक निवडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत जा. बायबल उघडून जे पान येईल ते वाचायचं, किंवा आवडीची वचनं शोधायची, याने होतं काय की आपल्याला आधीच पटलेल्या गोष्टीच परत परत भेटतात. सलग वाचलं की नको असलेले परिच्छेद पण वाटेत येतात. आणि अध्याय संपला म्हणून थांबायलाच पाहिजे असं नाही, हे अध्याय 13व्या शतकात पाडलेत, मूळ लेखकांनी नाही.

उदाहरण देतो. मार्क 10:35 मधे याकोब आणि योहान हे दोघे भाऊ, येशूचे शिष्य, त्याच्याकडे उजवी डावीकडची जागा मागतात. एवढाच भाग वाचला तर "पदाची हाव नको" हा संदेश तयार. पण जरा मागे जा, 32 ते 34 मधे येशूने नुकतंच आपल्या मरणाबद्दल सांगितलंय, आणि यांनी लगेच खुर्चीचा विषय काढला! 41 मधे बाकीचे दहा जण चिडतात, म्हणजे त्यांचाही जीव बहुतेक तिथेच होता. आता पुढे 51 पर्यंत या. येशू आंधळ्या बार्तीमयाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? अगदी हाच प्रश्न त्याने 36 मधे त्या दोघा भावांना विचारला होता. शिष्यांनी जागा मागितली, आणि रस्त्याकडेला भीक मागणाऱ्याने दृष्टी. हे कुठलं भाष्य न उघडता दिसतं, फक्त हळू वाचायला लागतं आणि आधी काय झालं, नंतर काय झालं, काय परत आलं हे वहीत लिहायला लागतं. भाष्य, यूट्यूबवरचे संदेश हे सगळं शेवटी, आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.

यानंतरची पायरी पुढाऱ्यांना सगळ्यात जड जाते. वाचताना मनात येतं, अरे हे तर अमक्याने ऐकायला पाहिजे. दावीद राजाचं असंच झालं होतं की, त्याने दुसऱ्याची बायको बळकावल्यावर 2 शमुवेल 12 मधे नाथान संदेष्ट्याने गरिबाची मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तर दावीद त्या श्रीमंतावर केवढा भडकला, आणि तो माणूस तूच आहेस हे नाथानाला तोंडावर सांगावं लागलं. म्हणून असं नाव मनात आलं की तिथेच थांबा आणि त्या जागी स्वतःचं नाव घालून परत वाचा. मग वहीत एकच वाक्य लिहा, आज करता येईल असं. "नम्र राहीन" असलं नको. "मीटिंगमधे ज्यांना गप्प बसवलं त्यांना आज फोन करेन" हे चालेल. एज्रा 7:10 मधला क्रम पण हाच आहे, आधी अभ्यास, मग स्वतः पाळणं, आणि शिकवणं त्याच्यानंतर.

आणि एवढं भारी काहीतरी सापडलं की लगेच रविवारी सांगावंसं वाटतंच, पण निदान काही आठवडे सांगू नका. स्टेटसला पण टाकू नका प्लीज.

खंड पडणारच. 66 पुस्तकं, 1189 अध्याय, वर्षात संपवायचे तर रोज तीन चार होतात, आणि बरेच जण लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकात अडकतात. चार दिवस चुकले तर ते भरून काढायला बसू नका, आजच्या जागेपासून चालू करा. वर्षात संपवायचंच असं कुणी सांगितलंय?

तुम्हाला विचारणारं एक माणूस पण शोधा, शक्यतो तुमच्या हाताखाली काम न करणारं, म्हणजे ते बिनधास्त विचारेल. त्याने "वाचलं का" असं विचारून उपयोग नाही, आपण हो म्हणून मोकळे होतो. "या आठवड्यात कुठलं वचन टोचलं" असं विचारायला सांगा.

सुरुवात तीताला पत्रापासून करा. तीनच अध्याय, 46 वचनं, एका बैठकीत होतं, आणि पहिल्या अध्यायात मंडळीतला वडील, म्हणजे पुढारी, कसा असावा त्याची यादीच आहे. पहिल्या दिवशी पूर्ण पत्र मोठ्याने वाचा, काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी फक्त 1:5-9 घ्या, आणि त्या यादीतलं तुमच्यात काय कमी आहे ते आधी घरच्यांना विचारा.