रुग्णवाहिकेच्या पाळीचं नेतृत्व हाती घेताना

पाळीप्रमुख झाले तेव्हा सुरुवातीला मी प्रत्येक रुग्णाजवळ स्वतःच गुडघे टेकून बसायचे. ते चुकलं. माणसं पुरेशी असतील तर प्रमुखाने दोन पावलं मागे उभं राहावं. हृदय बंद पडलेल्या रुग्णाजवळ तुमचं लक्ष घड्याळावर हवं: छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबली जातेय ना, दर २ मिनिटांनी दाबणारा बदलतोय ना, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) लावला का. सूचना नाव घेऊन द्या. "कुणीतरी ऑक्सिजन आणा" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा आणेल. आणि ऐकणाऱ्याने सूचना परत बोलून दाखवलीच पाहिजे, यावर मी अडून बसते.

पाळी घेताना सिलिंडरचा दाब, सक्शन (तोंड-घशातला स्राव ओढून काढणारं यंत्र) आणि औषधांची मुदत तपासून घ्या.

उपचारांचे नियम वैद्यकीय संचालक ठरवतात, गाड्या आणि माणसांची आखणी संचालन प्रमुखाकडे असते. नियमात न बसणारा रुग्ण आला तर स्वतःच्या हिमतीवर औषध देऊ नका, डॉक्टरांना फोन लावा.

जखमी बरेच असतील तर पहिल्या गाडीने एकाच रुग्णात अडकू नये. एकाने सूत्रं हाती घ्यावीत, दुसऱ्याने लाल (तातडीचे), पिवळा (थोडं थांबू शकणारे), हिरवा (किरकोळ जखमी), काळा (मृत किंवा वाचण्याची आशा नसलेले) अशी वर्गवारी सुरू करावी.

लहान मूल दगावलं, तर त्या गाडीवरच्या जोडीला लगेच पुढचा कॉल देऊ नका. नियंत्रण कक्षाला सांगून गाडी थोडा वेळ सेवेबाहेर ठेवा. मी गाडी धुताना त्यांच्यासोबत उभी राहते. बोलणं बहुतेक वेळा तिथेच सुरू होतं.