स्कायरिममध्ये सोनं साठून राहिलंय? या चुका टाळा

‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम. लेव्हल ४६, गाठीला १ लाख ८० हजार सेप्टिम (तिथली सोन्याची नाणी), आणि माझा ड्रॅगनबॉर्न, म्हणजे गेमचा नायक, डाकूंच्या गुहेतून लोखंडी शिरस्त्राणं गोळा करत निघालेला. वजन मर्यादेबाहेर गेलं होतं, त्यामुळे पळता येईना, फास्ट ट्रॅव्हलही (नकाशावरून थेट उडी) होईना. व्हाईटरन शहरापर्यंतचा सगळा रस्ता मी गोगलगायीच्या चालीने तुडवला. त्या शिरस्त्राणांचे मिळून शंभर सेप्टिमही येणार नव्हते. पण पहिल्या रात्री रिव्हरवुड गावच्या खाणावळीत खोलीचे दहा सेप्टिम देताना जीव वर-खाली झाला होता, ती सवय काही सुटली नव्हती.

‘स्कायरिम’ नोव्हेंबर २०११ मध्ये आला. आजही कुणी नव्याने खेळायला घेतला की साधारण विसाव्या-पंचविसाव्या लेव्हलला तोच प्रश्न येतो: एवढं सोनं झालंय, करू काय? या गेममध्ये सोन्याला वजन नाही. रस्त्यात एखादा लुटारू दमदाटी करतो, पण त्याचा निकाल तलवारीने लागतो. म्हणजे सोनं नुसतं पडून राहिलं तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते गरिबीतल्या सवयी श्रीमंतीत चालू ठेवल्यामुळे. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यातल्याच आहेत आणि बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

दिसेल ते उचलणं

सुरुवातीला ३०० वजन पेलतं. लेव्हल वाढताना स्टॅमिना (दम) निवडलात तर दर वेळी आणखी ५. ड्रॅगनचं एक हाड १५ वजनाचं आणि एक खवला १० चा, तेव्हा दोन ड्रॅगन मारले की पोतडी भरलीच. मी एक साधा हिशेब ठेवतो: वस्तूची किंमत तिच्या वजनाच्या किमान दहापट नसेल तर ती जिथे आहे तिथेच राहू द्यायची. अंगठ्या, हार, रत्नं, जादूचे कागद, औषधाच्या बाटल्या चालतात. लोखंडी चिलखतं चालत नाहीत, मग ती कितीही चकाकोत.

अडकलातच तर एक पळवाट आहे. वजन जास्त झालं तरी घोड्यावर बसून फास्ट ट्रॅव्हल करता येतो. तबेल्यातला घोडा १००० सेप्टिमला मिळतो. लढाईत तो मध्ये घुसून मरतो, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

“दुकानदाराकडे पैसेच नाहीत”

सगळ्यात जास्त कानावर येणारी तक्रार ही. व्हाईटरनच्या बेलेथॉरकडे गल्ल्यात ७५० सेप्टिम असतात, वॉरमेडन्सच्या लोहाराकडे १०००, आर्केडियाच्या औषधांच्या दुकानात ५००, राजवाड्यातल्या फारेंगार जादूगाराकडेही ५००. तुम्ही दोन हजारांची मंतरलेली तलवार पुढे केलीत तर गल्ल्यात असेल तेवढंच तो देतो आणि तलवार ठेवून घेतो. घाईत बटण दाबून मी अशा कितीतरी वस्तू मातीमोल दिल्या आहेत.

गल्ला ४८ तासांनी पुन्हा भरतो. दोनदा २४ तास ‘वेट’ केलं की काम होतं, पण दर फेरीला असं थांबत बसणं म्हणजे शुद्ध कंटाळा. त्याहून सरळ उपाय आहे: आधी खरेदी करा, मग विका. फारेंगारकडून भरलेले सोल जेम्स (वस्तू मंतरायला लागणारी रत्नं) घ्या, लोहाराकडून धातूच्या विटा घ्या. तुमचे पैसे त्याच्या गल्ल्यात जातात आणि लगेच तुमच्या मालाच्या बदल्यात परत येतात. खरं तर ही सोन्यातली नाही, वस्तूंचीच अदलाबदल झाली. तुमच्या नको असलेल्या दहा वस्तू गेल्या आणि कामाच्या पाच आल्या.

स्पीच, म्हणजे बोलण्या-सौद्याच्या कौशल्याच्या पर्क्सबद्दलही (कौशल्य वाढलं की निवडता येणाऱ्या खास सोयी) इथेच बोलून घेऊ. स्पीच ५० ला ‘मर्चंट’ नावाचा पर्क मिळतो. तो घेतला की कुठलाही माल कुठल्याही दुकानदाराला विकता येतो, लोहाराला औषधं आणि औषधवाल्याला ढाली. तो घ्यावा. ७० ला ‘इन्व्हेस्टर’ येतो, ज्यात ५०० सेप्टिम गुंतवून दुकानाचा गल्ला कायमचा वाढवता येतो. नावामुळे भुरळ पडते, पण स्पीच ७० होईपर्यंत तुम्ही सोन्यात लोळत असता. तेव्हा गल्ला वाढवून आणखी सोनं कशाला हवंय? तो पर्क पॉइंट तलवारीवर किंवा चिलखतावर घाला.

पिंपात ठेवलं आणि गायब झालं

घर घ्यायला पैसे नव्हते त्या काळात मी वॉरमेडन्सच्या बाहेरच्या एका पिंपात ड्रॅगनची हाडं, दोन मंतरलेल्या अंगठ्या आणि चाळीसेक सोल जेम्स ठेवले होते. काही दिवसांनी परत आलो तर पिंपात दोन कोबी! गेमच्या जगातली बरीचशी पिंपं, पेट्या आणि कपाटं ठरावीक काळाने ‘रीसेट’ होतात. साध्या जागांसाठी हा काळ गेममधले १० दिवस असतो, साफ केलेल्या गुहांसाठी ३०. आत ठेवलेलं सगळं जातं आणि ते परत आणायचा मार्ग जुनी सेव्ह लोड करणं एवढाच. स्वतःच्या विकत घेतलेल्या घरातल्या पेट्या मात्र रीसेट होत नाहीत. म्हणूनच पहिलं घर लवकर घ्यायचं असतं. ती चैन समजू नका.

चुकीचं घर, किंवा बरोबर घर चुकीच्या पद्धतीने

व्हाईटरनचं ब्रीझहोम ५००० ला मिळतं. टेहळणी मनोऱ्यावरचा ड्रॅगन मारून यार्ल (तिथला सरदार) बालग्रूफकडे परतलात की त्याच्या कारभाऱ्याशी बोला. रिफ्टनचं हनीसाइड आणि मार्कार्थचं व्लिंड्रेल हॉल ८००० चं, विंडहेल्मचं हिएरिम १२००० चं आणि सॉलिट्यूडचं प्राउडस्पायर मॅनर २५००० चं. सजावटीचे पैसे सगळीकडे वेगळे.

सोनं साठलं की पहिली हुक्की प्राउडस्पायरची येते. मीही घेतलं. शहराच्या पार टोकाला, निळ्या राजवाड्याच्या बाजूला. आत जिने, जिन्यांवर जिने. एक तलवार ठेवायला तीन मजले फिरायचे. आठवडाभरात मी पुन्हा ब्रीझहोमला राहायला आलो. व्हाईटरनच्या वेशीतून आत शिरलं की समोर लोहार, त्याला लागून आपलं घर. जागा चिमुकली, पण रोजच्या जाण्यायेण्याला त्याच्यासारखं दुसरं नाही.

ब्रीझहोमची एक खोच लक्षात ठेवा. मूल दत्तक घ्यायचं म्हणून ‘मुलांची खोली’ विकत घेतलीत तर ती अल्केमीच्या (औषधं बनवायच्या) खोलीच्या जागी येते. औषधाचं टेबल गेलं म्हणून लोक बग समजून हैराण होतात, पण तो बग नाही. खोली बदलण्याआधी तिथलं सामान दुसऱ्या पेटीत हलवा.

खरोखर पैसा जिरवायचा असेल तर ‘हार्थफायर’ या गेमच्या जोडभागात जमीन घ्या. २०१२ मध्ये आलेला हा भाग स्पेशल एडिशनमध्ये (गेमच्या नंतरच्या आवृत्तीत) आतच असतो. फॉकरीथ, हयालमार्च आणि द पेल या प्रांतांत एकेक भूखंड, किंमत प्रत्येकी ५०००. पाच हजार म्हणजे फक्त सुरुवात. पुढे खिळे, बिजागऱ्या आणि कड्या यांसाठी लोखंडाच्या विटा, कुलपांसाठी कोरंडम, खिडक्यांना काच, दिव्यांसाठी बोकडाची शिंगं. चिकणमाती आणि दगड जागेवर फुकट मिळतात, लाकूड मात्र करवतीच्या गिरणीवरून घ्यावं लागतं. वैताग आला तर तुमच्या एखाद्या फॉलोअरला (बरोबर फिरणाऱ्या साथीदाराला) कारभारी नेमा. पैसे मोजले की तो खोल्यांचं सामान स्वतःच आणून लावतो, गाय-कोंबड्या घेतो, गाडीवान आणि गवयीही ठेवतो.

इथे एकच चूक महागात पडते. मुख्य दालनाच्या तिन्ही बाजूंना एकेक पाखं बांधता येतं आणि प्रत्येक बाजूला तीन पर्याय असतात. पश्चिमेला शयनगृह, काचघर किंवा मंत्राचा बुरूज; उत्तरेला अल्केमी लॅब, कोठार किंवा शिकारीच्या स्मृतिचिन्हांचं दालन; पूर्वेला स्वयंपाकघर, ग्रंथालय किंवा शस्त्रागार. एकदा बांधलं की पाडता येत नाही. बांधायच्या आधी सेव्ह करा. मी घाईत शयनगृह बांधून बसलो आणि मग जन्मभर काचघराकडे डोळे लावून राहिलो.

ट्रेनरकडे न जाणं, किंवा भलत्याच ट्रेनरकडे जाणं

माझ्या मते या गेममध्ये सोन्याचं खरं मोल इथे आहे. तलवारी आणि चिलखतं गुहेत सापडतात नाहीतर भट्टीवर घडतात. दुकानात पैसे मोजून जी मिळते त्याहून चांगली वस्तू पुढच्या तासाभरात हाताला लागते, असा माझा अनुभव. कौशल्य मात्र पैशाने खरोखर विकत घेता येतं.

नियम सोपा आहे. दर लेव्हलला पाच वेळा शिकवणी घेता येते. न घेतलेल्या शिकवण्या पुढच्या लेव्हलला जमा होत नाहीत, त्या बुडाल्याच. सामान्य ट्रेनर ५० पर्यंत शिकवतो, त्याच्या वरचा ७५ पर्यंत, उस्ताद ९० पर्यंत. फी कौशल्याबरोबर चढत जाते आणि शेवटी हजारोंच्या घरात पोचते. म्हणूनच ही जास्तीच्या सोन्याची जागा आहे. २० वरून २५ ला तुम्ही लढतालढताच जाल, त्यासाठी पैसे नकोत. ७० च्या पुढे जिथे काटा हलत नाही तिथे ते ओता.

आता चूक. गेममधले शत्रूही बऱ्याच प्रमाणात तुमच्या लेव्हलबरोबर वाढतात. स्पीच, कुलपं उघडणं, खिसे कापणं यांच्या शिकवण्यांवर पैसे उडवलेत की लेव्हल झपाझप चढते, पण हातातली तलवार होती तिथेच राहते. मग एक दिवस साधा डाकू दोन घावांत तुम्हाला झोपवतो आणि तुम्ही ‘गेम अचानक अवघड झाला’ म्हणत बसता. जेवढी लेव्हल पैशाने घ्याल तेवढी मारायच्या किंवा मार खायच्या कौशल्यात घ्या. व्हाईटरनच्या जोर्वास्कर या योद्ध्यांच्या वाड्यातच विल्कास दोन हातांची शस्त्रं शिकवतो आणि फार्कास जड चिलखत, दोघेही ९० पर्यंत. स्मिथिंगची (लोहारकामाची) शिकवणी घेऊ नका, त्याच पैशात लोहाराचं दुकान रिकामं करून भट्टीवर बसा.

काहींना ही गंमत माहीत नसते: ट्रेनर तुमचा फॉलोअर असेल तर फी त्याच्या पोतडीत जाते आणि पोतडी तुम्हाला उघडता येते. रिव्हरवुडचा फेंडाल धनुर्विद्या शिकवतो. गावातल्या कॅमिलावर त्याचं प्रेम आहे, ते प्रकरण त्याच्या बाजूने लावून दिलंत की तो बरोबर येतो. शिकवणी घ्या, मग पैसे काढून घ्या. सोनं कमी असतं तेव्हा हे वरदान आहे. गाठीला लाखभर सेप्टिम असताना गुरूच्या खिशात हात घालणं मला तरी बरं वाटत नाही, पण ज्याचा त्याचा प्रश्न.

कुठलं कौशल्य १०० ला पोचलं असेल तर ते ‘लेजेंडरी’ करता येतं. २०१३ च्या १.९ पॅचपासून ही सोय आहे. कौशल्य १५ वर येतं, पर्क्स परत मिळतात आणि ट्रेनरकडची वाट पुन्हा मोकळी होते. फक्त ज्याच्या जिवावर लढता तेच कौशल्य ड्रॅगनच्या तोंडावर १५ वर आणू नका.

थोडक्यात उरकण्यासारख्या

पकडले गेलात तर तुरुंगात जाऊ नका, दंड भरा. शिक्षा भोगली की कौशल्यांची अर्धवट झालेली प्रगती पुसली जाते. चोरीचा माल दोन्ही वेळा जप्त होतो, तो आधी लपवा.

भाड्याचे लढवय्ये ५०० सेप्टिमला मिळतात. व्हाईटरनच्या ‘ड्रंकन हंट्समन’मधली जेनासा मला यार्लने दिलेल्या लिडिया या अंगरक्षकाहून जास्त उपयोगी पडली. लिडिया दारात उभी राहून वाट अडवते.

जायंटच्या (राक्षसाच्या) पायाच्या अंगठ्यात गहू घालून औषधं विकण्याचा धंदा लावला असेल तर बंद करा. सोनं जास्त झालंय, हा तर मूळ प्रश्न.

व्हाईटरनच्या बाजारात ब्रेनुइन नावाचा भिकारी दिसेल. त्याला एक सेप्टिम दिलात तर तासभर स्पीच दहाने वाढतं. मोठा सौदा करण्याआधी त्याला गाठत जा. एकदा, त्या १ लाख ८० हजारांच्या भरात, मी त्याला हजारभर देऊन टाकायचं ठरवलं. संवादाच्या यादीत पर्याय एकच होता: एक सेप्टिम.