पिचरचं क्षेत्ररक्षण मोजताना या चुका टाळा

बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे फलंदाजाला चेंडू फेकणारा; फेक झाली की तोही क्षेत्ररक्षक असतो. अशाच एका पिचरचा, जिम काटचा, १९६९चा हंगाम उघडून बघा. मिनेसोटा ट्विन्सकडून खेळताना त्याच्या नावावर ८ एरर (क्षेत्ररक्षणातल्या चुका) लागले, फील्डिंगची टक्केवारी ०.८२६पर्यंत घसरली, तरी त्या वर्षीचा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचं पारितोषिक, त्यालाच मिळाला. १९६२ ते १९७७ असे सलग १६ त्याच्या खात्यात आहेत. काट उत्तम क्षेत्ररक्षक होता, त्याबद्दल वाद नाही. पण पारितोषिकं मोजून कारकीर्द तोलू नका. ती मतांवर ठरत आली आहेत आणि एकदा नाव झालं की मतं मिळत राहतात.

मग टक्केवारी घ्यावी का? नुसती टक्केवारी याहून जास्त फसवते. पुटआउट (स्वतः बाद करणं) आणि असिस्ट (फेकीने दुसऱ्याला बाद करायला मदत) यांची बेरीज करून तिला एकूण संधींनी, म्हणजे या दोन्हींत एरर मिळवून येणाऱ्या आकड्याने, भागलं की टक्केवारी येते. मात्र जो चेंडू पिचरने अडवायचा प्रयत्नच केला नाही, तो या हिशेबात धरलाच जात नाही. शिवाय संधी मुळात कमी असतात. पिचर ग्रेग मॅडक्सला २३ हंगामांत सुमारे १,८०० संधी मिळाल्या, म्हणजे वर्षाला ऐंशीच्या आत. नियमित शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) तेवढ्या काही आठवड्यांत मिळतात. म्हणून पिचरच्या एका हंगामावरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार एररनी सगळं चित्र पालटतं.

भागाकार कशाने करता?

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. पुटआउट आणि असिस्टला इनिंग्जने भागून नवाने गुणलं की रेंज फॅक्टर मिळतो. मॅडक्सचा ३.१च्या आसपास येतो. आता पिचर नोलन रायनशी तुलना करा. रायनने ५,३८६ इनिंग्जमध्ये ५,७१४ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तेवढे फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले. दर इनिंगला एकाहून जास्त फलंदाज चेंडू मैदानात न टाकताच परतला आणि तो पुटआउट कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या) नावावर लागला. अशा पिचरला इनिंग्जने भागणं अन्यायाचं आहे. भागाकार मैदानात आलेल्या चेंडूंनी करा, जमल्यास फक्त ग्राउंड बॉलनी, म्हणजे जमिनीलगत आलेल्या चेंडूंनी.

काळाचंही तसंच. पिचर एड वॉल्शने १९०७ मध्ये २२७ असिस्ट केले. आजच्या पिचरने कितीही चपळाई दाखवली तरी तो तिथवर पोचणार नाही, कारण तेव्हा इनिंग्ज ४००च्या वर जात आणि बंटचा, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच पिचरजवळ टेकवण्याचा, सुकाळ होता. अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे पिचरऐवजी फलंदाजी करणारा खेळाडू, आला; नॅशनल लीगमध्ये तो कायमचा आला २०२२ मध्ये. मधली जवळपास पन्नास वर्षं नॅशनल लीगच्या पिचरसमोर समोरचा पिचर बंट करायला उभा राहत होता. म्हणून प्रत्येकाला त्याच वर्षाच्या, त्याच लीगच्या सरासरीशी ताडून पाहा आणि मगच वर्षं जोडा.

डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्डचे, म्हणजे क्षेत्ररक्षणाने वाचवलेल्या धावांचे, आकडे २००३ पासूनचे आहेत. मॅडक्सची कारकीर्द १९८६ ते २००८. त्या रकान्यात दिसतो तो ३७ ते ४२ वर्षांचा मॅडक्स. त्याला संपूर्ण कारकीर्द समजून यादी लावली, तर इतिहासातला सर्वाधिक, १८ गोल्ड ग्लव्ह घेतलेला पिचर विनाकारण खाली जातो.

धावपटू रोखणं वेगळं मांडा

याच मॅडक्सविरुद्ध ५००हून जास्त बेस चोरले गेले, म्हणजे तो फेकत असताना धावपटू पळून पुढच्या बेसवर पोचले. धावपटूकडे तो फारसं लक्ष देत नसे. उलट डावखुरा पिचर मार्क बुअर्लीसमोर पळायला धजणारे थोडेच. फर्स्ट बेस त्याच्या डोळ्यांसमोर असे आणि पिकऑफची (बेसवरच्या धावपटूला बाद करायची) फेक झटकन जाई. हे दोन्ही गुण एकाच आकड्यात कोंबले की कोण कशात चांगला होता ते कळत नाही. २०२३ पासूनचे हंगाम तर आणखी वेगळे ठेवा: एका फलंदाजासमोर पिकऑफसाठी किंवा थांबण्यासाठी दोनदाच बिनधास्त फेकीच्या फळीवरून पाय काढता येतो, तिसऱ्यांदा धावपटू बाद झाला नाही तर बॉक, म्हणजे पिचरचा नियमभंग, ज्यात धावपटूला पुढचा बेस मिळतो. बेसही १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आहेत.

एवढं करूनही यादी विचित्र दिसली, तर दुहेरी मोजणी झाली आहे का ते तपासा. दिलेल्या एकूण धावांवर आधारलेल्या मूल्यात पिचरच्या ग्लव्हचं काम आधीच आलेलं असतं. वरून वाचवलेल्या धावा मिळवल्या की तेच श्रेय दोनदा जातं. अर्न्ड रनच्या, म्हणजे एररमुळे गेलेल्या धावा वगळून काढलेल्या, सरासरीत उलटं घडतं. पिचरच्या स्वतःच्या एररमुळे गेलेली धावही तिथे अनअर्न्ड ठरते आणि त्याच्या हिशेबातून वगळली जाते. हे मला अजूनही खटकतं. त्यामुळे ढिसाळ हातांचा पिचर तपासताना त्या सरासरीशेजारी एकूण दिलेल्या धावांचा रकाना उघडा ठेवा.