फायरफॉक्स बीटा वापरून बघा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये

विंडोजवर फायरफॉक्स ब्राउझरची बीटा (सगळ्यांना मिळण्याआधीची चाचणी आवृत्ती) नेहमीसारखी ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत टाकली, तर ती रोजच्या फायरफॉक्सच्याच जागी जाऊन बसते. दोन्ही शेजारी-शेजारी हवे असतील तर एवढं करा:

१. आधी बुकमार्क्स जपा. कंट्रोल+शिफ्ट+ओ दाबा, ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’मध्ये ‘बॅकअप’ निवडा आणि फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. मिनिटभराचं काम आहे, टाळू नका.

२. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या साइटवरून बीटाचा पूर्ण इन्स्टॉलर घ्या. छोट्या इन्स्टॉलरमध्ये फोल्डर निवडायची सोय नसते.

३. ‘स्टँडर्ड’ऐवजी ‘कस्टम’ निवडा आणि फोल्डरच्या नावापुढे ‘बीटा’ जोडा. सगळी मेख इथेच आहे.

२०१९च्या ६७व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं प्रोफाइल (पासवर्ड, बुकमार्क्स, सेटिंग्ज साठवायची जागा) मिळतं, त्यामुळे बीटा कोरी उघडेल. तुमचे पासवर्ड, टॅब जुन्याकडेच राहतील.

मग रोजची कामं करून बघा. मी आधी मराठी टाइप करते: ‘कर्‍हाड’, ‘वाङ्मय’, ‘दऱ्याखोऱ्या’. जोडाक्षर फुटलं किंवा कर्सर भलतीकडे उडाला तर लगेच मोझिलाला कळवते. बीटा साधारण चारेक आठवड्यांत सगळ्यांकडे पोचते, म्हणून आपल्या लिपीतली चूक तेव्हाच सांगितलेली बरी.

फक्त जुनं प्रोफाइल बीटात उघडू नका. नव्या आवृत्तीने हाताळलेलं प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडायला नकार देतो आणि नवं बनवायला सांगतो.