दिवाळीची यादी करण्याआधी डबे उघडा

वसुबारसेच्या पंधरा दिवस आधी एक दुपार काढा आणि माळ्यावरचं खोकं खाली घ्या. पणत्या, सोऱ्या, आकाशकंदील, सगळं बाहेर. दिव्यांची माळ लावून बघा. बंद पडलेली आत्ताच कळलेली बरी.

मग फडताळ. बेसन, रवा, पोहे हुंगून पाहा. बेसन खवट झालं असेल तर कितीही तूप घाला, लाडवात तो वास लपत नाही. चांगलं आहे ते मोजून कागदावर लिहा आणि कमी पडेल तेवढंच आणा. मला गेल्या वर्षी मसाल्याच्या डब्यामागे वेलचीची न फोडलेली पुडी सापडली. वेलचीचा भाव बघता केवढं बरं वाटलं!

भाऊबीज झाली की पणत्या पुसून, कागदात गुंडाळून ठेवा. खोक्यावर आतल्या वस्तूंची नावं लिहा.